विषय: मंडळाच्या शनिवारच्या भेटीची मेल कुणाला मिळाली नाही?

वहिनी (दादर)
मंडळी, हॉलवाल्याला संध्याकाळी सहापर्यंत ताटांचा आकडा द्यायचाय. मागच्या डिसेंबरसारखं व्हायला नको. मेल मंगळवारीच गेली आहे. काल पार्ल्याला काकूंचा फोन उघडून पाहिला, तर ती जाहिरातींच्या कप्प्यात, साड्यांच्या दोन सेलच्या मधे! आणखी कुणाचं असं झालंय?

सध्या मुलुंड, २ तारखेला परत न्यू जर्सी
वहिनी, हेच मी गणपतीपासून सांगतोय. सूचना साइटवर टाका आणि लोकांना फीड घ्यायला सांगा, म्हणजे साइटवर नवीन काय आलं ते त्यांच्या रीडर ॲपमध्ये आपोआप दिसेल. साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, फीड आपोआप बनते. तिला ना स्पॅम, ना कप्पे. आपला ईमेल पत्ता कुणाला द्यावा लागत नाही. नको झाली तर रीडरमधून काढली की संपलं. नाहीतर एकदा यादीत गेलेला पत्ता कुठे कुठे फिरतो, कोण जाणे.

खजिनदार काका
यादी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. एकही पत्ता बाहेर गेलेला नाही. हे वाक्य मला लागलं.
फीडबद्दल म्हणशील, तर मेल आपल्या दारात येऊन पडते. फीडमध्ये नवीन काय आलं, ते बघायला रीडरला जावं लागतं. तो तासातासाने जात असेल आणि हॉलवाल्याने पाचला जागा बदलली, तर लोक जुन्याच दारात उभे राहतील. शिवाय मेलला लोक "आम्ही चौघे" असं उत्तर देतात. फीडला उत्तर कुठे देणार?

ताई, ठाणे
काका, उत्तराचं बरोबर आहे. माझा अनुभव वेगळाच. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये मी मेल आणि फीड शेजारी शेजारी ठेवते. मे महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे कॉम्प्युटर महिनाभर बंद होता. उघडला तेव्हा मेल सगळ्या आल्या, पण मंडळाच्या फीडमध्ये शेवटच्या १० नोंदी. त्याआधीच्या गेल्याच, त्यातच वर्गणीची तारीख होती. आणि कृपा करून "फीड"च म्हणा. तिचं दुसरं नाव, आरएसएस, म्हटलं की आईला शाखाच वाटते.

मुलुंड
काका, मनापासून माफी मागतो. तुमच्यावर रोख नव्हता.
ताई, वर्डप्रेसमध्ये १० हा मूळचा आकडा आहे, सेटिंग्जमध्ये बदलता येतो. रात्री ५० करतो. सर्व्हरवर चालणारा रीडर घेतलात तर तुमचा कॉम्प्युटर बंद असतानाही तो नोंदी आणून ठेवतो. आणि रीडर बंद पडला म्हणून काही अडत नाही. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हा माझ्या फीडची सगळी यादी ओपीएमएल फाइलमधून (अशी यादी न्यायचीच ती फाइल) दुसरीकडे पाच मिनिटांत गेली. काका, सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारताना तुम्ही पॉडकास्ट ऐकता ना, ते फीडवरूनच येतात.

खजिनदार काका
माफी कसली रे. पॉडकास्टचं ठाऊक नव्हतं. पण ते मी सावकाश ऐकतो, आज नाही तर उद्या. ताटांचं तसं नाही.

वहिनी
लेख, फोटो, अहवाल खुशाल फीडवर द्या. तारीख-वेळ असलेलं सगळं मी मेलनेच पाठवणार. ज्यांची मेल भलत्या कप्प्यात गेली, त्यांनी ती मुख्य कप्प्यात ओढा आणि मंडळाचा पत्ता संपर्कांत जोडा. काकूंचं मी करून दिलंय.
आतापर्यंत ३१ ताटं. ज्यांचा शनिवार असतो त्यांनी वेगळं कळवा, साबुदाणा भिजवायला सांगायचाय.