कोकणात शिकताना जागवलेल्या चांदण्या रात्री: तुमचे अनुभव सांगा

कोजागिरी जवळ आली की मला रत्नागिरीतली भाड्याची खोली आठवते. आम्ही चौघीजणी राहायचो. चारोळी महाग, म्हणून आटवलेल्या दुधात घरून आणलेला काजू तुकडा घातला आणि पातेलं दोघींनी धरून मांडवीच्या जेटीवर नेलं. दूध गार होईपर्यंत कुणी बोललंच नाही. तुमच्याही अशा रात्री लिहा. त्रासाच्या असल्या तरी लिहा.

खाडीपलीकडचा
कॉलेज एका काठाला, घर दुसऱ्या. आई तिथीची पाऊणपट करून भरती सांगायची. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. गॅदरिंगची तालीम संपवून शेवटच्या एसटीने उतरलो तो नेमका पुनवेला. खाडी ओलांडायची होडी, म्हणजे तर, बंद झालेली, खाडी तुडुंब. बांधावर बसून वही उघडली. ठळक मथळे वाचता येत होते, आकडे नाही. उधाणाची ओहोटीही तेवढीच खोल जाते, त्यामुळे पहाटे पाचच्या सुमारास गुडघाभर पाण्यातून घरी गेलो. आई पडवीत जागीच होती.

वसतिगृहातली
आमचं फाटक संध्याकाळी सातला बंद, मुलांचं दहाला. समुद्राची गाज खोलीत ऐकू यायची आणि चंद्र दिसायचा तो शेजारच्या पत्र्यावर. तीन वर्षांत एकदाही रात्रीचा किनारा पाहिला नाही. त्याचा राग अजून आहे.

दापोली तालुका
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा लॉकडाऊनमुळे मी घरीच होतो. शेवटचं वर्ष, परीक्षेचा पत्ता नाही. दुपारभरात अर्धी कौलं उडाली, नारळी-पोफळी आडव्या. वीज गेली ती गेलीच, फोन बंद. भिजलेल्या नोट्स एकेक पान सुटं करून माजघरात पसरल्या. ५ जूनला वटपौर्णिमा. रात्री ढग सरले आणि चंद्र थेट अंथरुणावर आला. बाहेर गेलो तर वाडी लख्ख. आमच्या वाडीत चांदणं कधी जमिनीला लागायचं नाही, झावळ्यांतून कवडसे पडायचे तेवढेच. आजोबांनी लावलेली झाडं त्या उजेडात मोजता येत होती, सगळी पडलेली. बाबा मागे येऊन उभे राहिले. “आत ये, साप-किरडू असेल,” एवढंच म्हणाले. आता नवी रोपं कंबरेएवढी आहेत. वाडीत अजून उजेडच असतो.

मालवण
बाबा मासेमारी करत. “पुनवेक जाळा टाकून काय गावतला?” म्हणायचे, कारण उजेडात माशाला जाळं दिसतं. त्या चार-पाच रात्री ते घरी असत. मी शिकायला मुंबईत, त्यामुळे गावी यायचो ते पुनव बघूनच. खळ्यात दोघं उशिरापर्यंत बसायचो. ते जाळं शिवत, मी मुंबईतलं सांगत. आता नोकरीतही रजा टाकताना आधी कालनिर्णय बघतो.