वितंडवाद म्हणजे नुसता हट्ट नव्हे
'हट्टाने भांडतो तो वितंडवादी' असं कुणीतरी म्हटलंय, ते मला पटलं नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. वादात खरं काय ते शोधायचं असतं, जल्पात काहीही करून जिंकायचं असतं. वितंडा करणारा मात्र स्वतःची बाजू मांडतच नाही, फक्त समोरच्याची खोडतो. हट्टी माणसाला निदान स्वतःचं म्हणणं तरी असतं.

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून दोन तास हेच चाललं होतं. एक काका प्रत्येक कोटेशन खोडत होते. शेवटी सेक्रेटरीबाईंनी वही पुढे सरकवली, "काका, मग तुम्ही काय सुचवता ते लिहा." काकांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि वही परत केली.