पीजेमध्ये रोजचं बाहेर खाणं: मामाक, कोपितियाम की सरळ मॉल?

पॅरामाउंटकर
पेतालिंग जयात (म्हणजे पीजे, क्वालालंपूरला लागूनच) नवीन आलेली आपली मंडळी सुरुवातीला मॉलमध्येच जेवतात आणि मग म्हणतात मलेशिया फार महाग बुवा. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतोय. माझं मत: रोजचं खायचं असेल तर मामाकला पर्याय नाही. तमिळ मुस्लिमांची ही हॉटेलं कुठल्याही सेक्शनला, म्हणजे इथल्या वस्तीला जा, एखादं तरी असतंच, बरीचशी चोवीस तास चालू. आमच्या भागात रोटी कोसोंग म्हणजे साधी रोटी चनाई (आपल्या पदराच्या पराठ्यासारखी) दीड-दोन रिंगिटला, बरोबर डाळ आणि करी, वर एक 'ते तारिक' म्हणजे फेसाळ दुधाचा चहा, पाच-सहा रिंगिटात पोट भरतं. म्हणजे आपले सव्वाशेच्या आसपास रुपये. पुण्यात तरी आता एवढ्यात काय मिळतं सांगा.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट, मामाक हलाल असल्यामुळे माझ्या ऑफिसातले मलय, चिनी, तमिळ सगळे एका टेबलावर बसू शकतात. रात्री अकराला फुटबॉलची मॅच लावलेली असते, एका ते तारिकवर दोन तास बसलात तरी कुणी उठ म्हणत नाही. हे मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

कोपीओ_कोसोंग
दादा, बसायला मामाक छान आहे, पण रोजचं जेवण म्हणून सांगू नका लोकांना. रोटी चनाईचं पीठ तेला-मार्जरिनमध्ये भिजत ठेवतात, मग परत तव्यावर तेल, वर कंडेन्स्ड मिल्कचा चहा. इथे साधारण सहा प्रौढांमागे एकाला डायबेटिस आहे, सरकारच्याच 2023 च्या आरोग्य पाहणीतला आकडा. रोज सकाळी हे खायचं म्हणजे काय होणार ते उघड आहे.

माझं मत कोपितियामला, म्हणजे चिनी कॉफीच्या दुकानाला. तिथे एका छपराखाली सात-आठ गाडे असतात, प्रत्येक गाडा वेगळ्या माणसाचा, तो मालकाला भाडं देतो आणि मालक स्वतः बहुतेक फक्त चहा-कॉफी विकतो. त्यामुळे 'वानतान मी' (एक प्रकारच्या नूडल्स) करणारा माणूस वर्षानुवर्षं फक्त त्याच करतो आणि ते चवीत कळतं. दुपारी चाप फान घ्या, भात आणि समोरच्या वीस-पंचवीस ट्रेंमधून आपल्याला हवं ते वाढून घ्यायचं, वाफवलेलं टोफू, पालेभाजी, अंडं. काउंटरवरची बाई ताटाकडे एक नजर टाकून भाव सांगते. दोन भाज्या घेतल्या तर माझं सात-आठ रिंगिटात होतं आणि दुपारी झोप येत नाही.

पॅरामाउंटकर
साखरेचा मुद्दा बरोबर आहे पण त्याचा दोष मामाकला कशाला? 'ते ओ कोसोंग' सांगा, बिनसाखरेचा कोरा चहा येतो. कुरांग मानिस म्हटलं तर गोड कमी करतात. आणि रोटीच खा असं कुठे आहे, थोसई म्हणजे आपला डोसा आहे, ती तव्यावर थोड्या तेलात होते. तुमच्या कोपितियाममध्ये पोर्क असतं, मग माझा मलय मित्र येणार कसा? आपण जिथे राहतो तिथल्या लोकांबरोबर जेवता आलं पाहिजे, मला हे महत्त्वाचं वाटतं.

तुपातली_पोळी
दोघंही मांसाहारी आहात म्हणून हे सोपं वाटतंय. आमच्याकडे मी आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी. मामाकमध्ये ज्या तव्यावर थोसई त्याच तव्यावर बीफचा मुर्ताबाक (खिमा भरलेला पराठा), हे डोळ्यांनी बघितल्यावर सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नाही आणि त्यांना मी दोष देणार नाही. नासी लेमाक वरवर शाकाहारी दिसतं, नारळाच्या दुधातला भात, काकडी, शेंगदाणे, पण सांबालमध्ये, म्हणजे त्याच्या मिरचीच्या चटणीत, बलाचान म्हणजे कोळंबीचं वाटण असतं आणि वरती इकान बिलिस, सुकी मासळी. नवीन आलेल्यांना हे कुणी सांगतच नाही.

आमचा उपाय म्हणजे चिनी बौद्ध लोकांची शाकाहारी चाप फानची दुकानं. पाटीवर बऱ्याचदा स्वस्तिकाची खूण असते. तिथे कांदा-लसूणसुद्धा बहुतेक ठिकाणी घालत नाहीत, त्यामुळे सासूबाईंचा चातुर्मास इथे भारतापेक्षा सोपा जातो. फक्त अंडं आहे का ते विचारायचं. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, प्रचंड गर्दी असते कारण खूप चिनी लोक त्या दिवशी शाकाहार पाळतात, तेव्हा बाराच्या आत जा. भाजी ताजी असते, भाव साध्या चाप फानएवढाच. माझ्या मते पीजेमधलं सगळ्यात स्वच्छ आणि स्वस्त जेवण हेच आणि आपले लोक तिथे फिरकत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन_पोरांची_आई
मी मॉलच्या बाजूने बोलणार आहे, कुणीतरी बोलायला हवं. दोन लहान मुलं, दुपारी चारला धो धो पाऊस, बाहेर पार्किंग नाही, टेबल फुटपाथवर मांडलेलं, टॉयलेट ओलं. स्वस्त म्हणजे फक्त बिल नाही हो. फूड कोर्टात एसी आहे, मुलांची उंच खुर्ची मिळते, आई-बाबा भारतातून आले की त्यांना बसायला नीट जागा असते. दहा-बारा रिंगिटात ताट मिळतं. तीन-चार रिंगिट जास्त देऊन माझा जीव शांत राहतो, मला ते परवडतं.

कोपीओ_कोसोंग
ताई, फूड कोर्ट ठीक, पण त्याच मॉलमधल्या रेस्टॉरंटात बसलात की 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि 6 टक्के टॅक्स. एका ठिकाणी मेन्यूवर हे इतक्या बारीक अक्षरात होतं की बिल आल्यावरच कळलं. छोट्या दुकानांना वर्षाला 15 लाख रिंगिटच्या वर उलाढाल गेल्याशिवाय तो टॅक्स लावायचाच नसतो, म्हणून कोपितियाममध्ये बोर्डवर लिहिलंय तेवढेच पैसे.

सेक्शन_सतरा
तुम्ही सगळे बनाना लीफ विसरलात! सेक्शन 17 मध्ये कन्ना करी हाउस आहे, केळीच्या पानावर भात, तीन भाज्या, पापड, रसम, आणि भात-भाज्या परत परत वाढतात. तळलेलं कारलं तर असं कुरकुरीत की कारलं न खाणारी माणसं मागून घेतात. रोजचं नाही, रविवारचं. मटण-मासळी घेतली की बिल वाढतं हे खरं, पण नुसतं शाकाहारी पान घेतलं तर परवडतं. पीजेतल्याच डामनसारा अपटाउनचं व्हिलेज पार्क हॉटेल मात्र स्वस्ताच्या यादीत टाकू नका, नासी लेमाक आणि तळलेलं चिकन उत्तम आहे पण रांग आणि भाव दोन्ही मोठे.

बाकी हे सगळं इतकं जवळजवळ का मिळतं, तर पीजे 1950 च्या दशकात क्वालालंपूरवरची गर्दी हलवायला आखून वसवलेलं गाव आहे, प्रत्येक सेक्शनला स्वतःची दुकानांची रांग दिली. ती रांग टिकली म्हणून हे खाणं टिकलंय. आपण फक्त मॉलमध्ये गेलो तर त्या गाळ्यांमध्ये उद्या महागडे कॅफेच येणार, ते आताच यायला लागलेत.

दोन_पोरांची_आई
हा मुद्दा मान्य. पण मग तिथे बेबी चेअर आणि कोरडं टॉयलेट पण हवं, हे गाळेवाल्यांना कोण सांगणार? गिऱ्हाईक म्हणून मी सोय मागतेय, त्यात चूक काय?

पॅरामाउंटकर
चूक काहीच नाही. मोठे मामाक बघा, बऱ्याच ठिकाणी बेबी चेअर असतात, पंखेही मोठे, आणि 2019 पासून हॉटेलात सिगारेटला बंदी आहे त्यामुळे मुलांना घेऊन बसणं आधीपेक्षा खूप बरं झालंय. @तुपातली_पोळी, पॅरामाउंट स्टेशनच्या बाजूला असं शाकाहारी दुकान माहीत असेल तर इथेच टाका, माझी आई येत्या महिन्यात येतेय. मामाकचं माझं मत मात्र तेच आहे.

तुपातली_पोळी
टाकते. आईंना सोमवारी पीजेतल्या एसएस 2 भागातल्या पासार मालामला, म्हणजे रात्रीच्या बाजारालाही न्या, आपाम बालिक (घडी घातलेलं गोड धिरडं) तिथे समोर भाजून देतात, शेंगदाणे आणि मक्याचे दाणे घालून. त्यात अंडं असतं, त्या खात नसतील तर सरळ उसाचा रस आणि उकडलेली कणसं घ्या.