नोकरीच्या अर्जातील वंश, एथ्निसिटी आणि व्हिसाचे रकाने: नेमके काय भरावे?

सुकेळी (धागाकर्ती)

नमस्कार. मी टेक्सासमधील एका विद्यापीठात संगणकशास्त्रात एमएस करते आहे आणि येत्या मे महिन्यात पदवी हाती येईल. गेले दोन महिने रात्रीचे जेवण उरकले की लॅपटॉप उघडून नोकरीचे अर्ज भरत बसणे हाच माझा उद्योग झाला आहे. शिक्षण, अनुभव, प्रकल्प इथवर हात सवयीने चालतो आणि शेवटच्या पानावर येऊन अडतो. तिथे आधी विचारलेले असते की आपण हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का, आणि त्याखाली वंशाची यादी असते: गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, अमेरिकन इंडियन, हवाई बेटांवरील मूळ रहिवासी, दोन किंवा अधिक वंश, आणि सर्वांत खाली 'उत्तर देऊ इच्छित नाही'.

आता माझी अडचण सांगते. मी वसईची, कॅथलिक. घरी कादोडी बोलतो, शाळा मराठी माध्यमाची, आणि आडनाव मात्र पोर्तुगीज अमदानीतून आलेले, परेरा-लोपीसच्या पंगतीत बसणारे. मागच्या आठवड्यात एका भरती अधिकाऱ्याने फोनवर पहिली दोन वाक्ये माझ्याशी चक्क स्पॅनिशमध्ये बोलली. हे ऐकल्यापासून माझी खोलीतली मैत्रीण मागे लागली आहे की 'हिस्पॅनिक' पुढे बिनधास्त 'हो' कर, त्यांना राखीव जागा असतात. वर्गातील एका मित्राचे मत अगदी उलट आहे: आशियाई उमेदवारांचा इकडे सुकाळ झाल्यामुळे आपण काहीच सांगू नये, 'उत्तर देऊ इच्छित नाही' हेच निवडावे. मला खोटे लिहायचे नाही, परंतु खरे काय हेही कळत नाही. हे रकाने कोण वाचते, ते रिकामे ठेवले तर संशय येतो का, आणि माझ्यासारखीने त्यांत काय भरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दप्तरदार

सुकेळीताई, मी न्यू जर्सीमध्ये नऊ वर्षे मनुष्यबळ विभागात काम केले असून या अर्जांच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी आपल्या मैत्रिणीचा गैरसमज दूर करू या. आपण महाराष्ट्रातून येतो तेव्हा अर्जातला 'प्रवर्ग' हा रकाना म्हणजे आरक्षण, आणि आरक्षण म्हणजे जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र, तहसील कार्यालयातील फेऱ्या, अशी साखळी आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. इथल्या रकान्याचा त्या साखळीशी संबंध नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करते, आणि त्या कायद्यान्वये वंश पाहून जागा राखून ठेवणे हाही भेदभावच ठरतो. त्यामुळे त्या चौकटीत खूण केल्याने कोणाला गुण मिळत नाहीत.

मग विचारतात कशासाठी, हा प्रश्न योग्यच आहे. १०० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना समान रोजगार संधी आयोगाकडे दरवर्षी ईईओ-१ नावाचा अहवाल द्यावा लागतो. कोणत्या दर्जाच्या कामावर कोणत्या वंशाचे किती पुरुष आणि किती स्त्रिया आहेत, याचा तो नुसता आकड्यांचा तक्ता असतो. त्यात कोणाचेही नाव नसते. अहवाल नोकरीत असलेल्यांचा असतो, अर्जदारांचा नव्हे. अर्जदारांची माहिती कंपन्या ठेवतात ती आपल्या गाळणीत कोणत्या पायरीवर कोण गळते आहे हे पाहण्यासाठी आणि उद्या कोणी दावा लावलाच तर हाताशी आकडे असावेत म्हणून. ही माहिती निवडीच्या कागदांपासून वेगळी ठेवावी, असे आयोगाचे सांगणे आहे. मी ज्या संगणक प्रणालीवर काम केले तिच्यात ते शेवटचे पान भरती अधिकाऱ्याला उघडतच नसे. त्याला आपला बायोडेटा दिसे आणि वरच्या पानांवरील उत्तरे दिसत. प्रत्येक ठिकाणची व्यवस्था इतकी चोख असेलच, याची हमी मात्र मी देणार नाही.

'उत्तर देऊ इच्छित नाही' हे निवडल्याने संशय येत नाही. आमच्याकडे कितीतरी लोक ते निवडत असत आणि त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. एक गंमत मात्र ठाऊक असू द्या. नोकरी लागल्यानंतरही एखाद्याने वंश सांगितला नाही, तर अहवालासाठी कंपनीने तिच्याकडील नोंदींवरून किंवा नुसते पाहून त्याचा वंश ठरवावा, अशी सूचना आहे. म्हणजे आपण न सांगितलेले कोणीतरी आपल्या चेहऱ्यावरून, आणि आपल्या बाबतीत कदाचित आडनावावरूनही, भरून टाकणार. त्यापेक्षा आपणच सांगितलेले बरे, असे माझे मत आहे.

आता आपले उत्तर. हिस्पॅनिक किंवा लॅटिनो याची सरकारी व्याख्या क्यूबा, मेक्सिको, प्वेर्तो रिको, दक्षिण किंवा मध्य अमेरिका, अथवा अन्य स्पॅनिश संस्कृती वा मूळ असलेली व्यक्ती, अशी आहे. वसईवर राज्य केले ते पोर्तुगीजांनी, आणि आडनावावरून मूळ ठरत नाही. तेव्हा तिथे 'नाही'. तिथे 'हो' केले तर पुढची वंशाची चौकट निरुपयोगी होते, कारण अहवालात हिस्पॅनिक व्यक्ती, तिचा वंश कोणताही असो, हिस्पॅनिक म्हणूनच मोजली जाते. त्याखाली 'आशियाई' निवडा. भारतीय उपखंड त्या व्याख्येत नावानिशी आहे. 'अमेरिकन इंडियन' म्हणजे अमेरिका खंडांतील मूळ रहिवासी. हसू नका, आपले नवे विद्यार्थी घाईघाईत 'इंडियन' एवढाच शब्द वाचून तिथे खूण करतात आणि मी अशा कितीतरी नोंदी फोन करून दुरुस्त करून घेतल्या आहेत.

बखरवाचक

दप्तरदार यांनी व्यवहाराचे सर्व सांगितले आहे. 'आशियाई' ही चौकट आपल्याला आज जितकी स्वाभाविक वाटते तितकी ती नाही, एवढेच मला जोडायचे आहे. धागाकर्तीला पडलेला 'मी नेमकी कोण' हा प्रश्न इथल्या न्यायालयांनाही शंभर वर्षांपूर्वी पडला होता आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती.

१७९० च्या कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'पुरते ठेवले होते. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने भिकाजी बलसारा या मुंबईकर पारशी व्यापाऱ्याला गोरे मानून नागरिकत्व दिले. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना, ते कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातील गोरा वंश) नाहीत म्हणून, नागरिकत्व नाकारले. आणि अवघ्या तीन महिन्यांनी, १९२३ च्या फेब्रुवारीत, ओझावांचा निकाल लिहिणाऱ्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी भगतसिंग थिंद या भारतीय अर्जदाराला सांगितले की आपण शास्त्राप्रमाणे कॉकेशियन असालही, परंतु सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तसे आपण नाही. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्वही सरकार काढून घेऊ लागले. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. त्यांनी आपला खटला स्वतः लढवला आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. बाकीच्या बहुतेक भारतीयांना नागरिकत्वाची वाट खुली करणाऱ्या १९४६ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले.

जनगणनेची कथा तर त्याहून विचित्र आहे. १९३० आणि १९४० च्या जनगणनांत भारतीयांसाठी वंशाच्या रकान्यात 'हिंदू' हा शब्द होता, मग माणूस शीख असो वा मुसलमान. सुकेळीताई, आपण तेव्हा इथे असता, तर गळ्यात क्रूस घालून वंशाने 'हिंदू' म्हणून नोंदवल्या गेला असता. १९७० मध्ये तेच लोक 'गोरे' म्हणून मोजले गेले, आणि भारतीय संघटनांनी पाठपुरावा केल्यावर १९८० पासून जनगणनेत 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र पर्याय आला. एकाच माणसाने दीर्घायुष्य मिळवून इथे मुक्काम केला असता, तर तो बसल्या जागी तीन वेगवेगळ्या वंशांत मोजला गेला असता.

थेम्सतीर

मी इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेत परिचारिका आहे. इकडेही अर्जाबरोबर वांशिक गटाचे पान असते. ते वेगळे काढून ठेवले जाते आणि उमेदवारांची छाननी करणाऱ्यांना दिसत नाही. त्या माहितीचे पुढे काय होते हे मात्र आम्हाला दिसते. २०१५ पासून आरोग्य सेवेत वांशिक समानतेचा जो मानदंड लागू आहे, त्यात प्रत्येक रुग्णालय-संस्थेला दरवर्षी सांगावे लागते की मुलाखतीसाठी निवडलेल्यांपैकी गोऱ्या उमेदवाराला नेमणूक मिळण्याची शक्यता इतरांच्या कितीपट आहे. हा आकडा फलकावर लागतो. सर्वांनीच 'उत्तर देऊ इच्छित नाही' म्हटले, तर तो आकडाच काढता येणार नाही, म्हणून मी तो रकाना नेहमी भरते.

इथे राष्ट्रीयत्व आणि वांशिक गट हे दोन रकाने वेगळे असतात, आणि गोंधळ त्यांच्यातच होतो. माझ्या वॉर्डमध्ये स्विंडनहून येणारी एक गोंयकार मैत्रीण आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, त्या वाटेने ती आली. तिचा अर्ज मी स्वतः पाहिला आहे: जन्मस्थान मडगाव, राष्ट्रीयत्व पोर्तुगीज, वांशिक गट 'आशियाई: भारतीय'. तीन रकान्यांत तीन उत्तरे, आणि तिन्ही खरी.

सुकेळी

सर्वांचे मनापासून आभार. बखरवाचक, तो 'हिंदू' रकाना मी आईला फोनवर सांगितला, तर ती बराच वेळ हसत होती.

आणखी एक शंका आहे. शेवटच्या पानाची मला आता भीती वाटत नाही, परंतु पहिल्याच पानावर दोन प्रश्न असतात: आपणांस अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का, आणि आता किंवा भविष्यात आपणांस व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल का. ओपीटी (पदवीनंतर काही काळ काम करण्याची विद्यार्थ्यांना मिळणारी परवानगी) असल्यामुळे पहिल्याला मी 'हो' म्हणते. दुसऱ्याला 'हो' केले की दहा मिनिटांत नकाराची ईमेल येते. हा राष्ट्रीयत्वावरून केलेला भेदभाव नाही का? आणि तूर्त 'नाही' म्हटले तर चालेल का?

एच-वन वारकरी

ताई, खरा काटा इथे आहे. लोक वंशाच्या चौकटीपाशी रात्र-रात्र विचार करत बसतात आणि हा प्रश्न घाईत उरकतात. पण ती चौकट छाननी करणाऱ्यापुढे सहसा येत नाही, आणि हे उत्तर आल्याबरोबर पहिल्या गाळणीत जाते.

कायद्याने पाहिले तर राष्ट्रीय मूळ आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या एस्पिनोझा खटल्यात ते स्पष्ट केले. आपण भारतीय आहात म्हणून नाकारणे बेकायदा आहे, आणि हे संरक्षण विद्यार्थी-व्हिसावरील आपल्यालाही आहे. मात्र आम्ही कोणालाही व्हिसा स्पॉन्सर करत नाही, असे धोरण कंपनीला ठेवता येते. नागरिकत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध १९८६ च्या कायद्याने जे संरक्षण दिले, ते नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित अशांपुरते आहे. एफ-१ (विद्यार्थी-व्हिसा) आणि एच-१बी (नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा) वाले त्यात येत नाहीत. भेदभाव कुठे संपतो आणि धोरण कुठे सुरू होते हे बाहेरून ओळखणे कठीण असते, आणि त्याचा त्रास आपल्यालाच होतो, हे मी नाकारत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' म्हणू नका. मी ती चूक केली आहे. माझ्या हाती ओपीटीचे १२ महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीधरांच्या मुदतवाढीचे २४, अशी तीन वर्षे होती. 'आता तर लागत नाही' अशी स्वतःची समजूत घालून मी 'नाही' वर टिचकी मारली. चार मुलाखती झाल्या, नेमणुकीचे पत्र आले, आणि कामावर रुजू होण्याच्या आधीच्या आठवड्यात मी सहज विचारले की एच-१बीचा अर्ज आपण साधारण कधी करता. दुसऱ्या दिवशी पत्र मागे घेतले गेले. कारण व्हिसाचे दिले नव्हते. अर्जातील माहिती चुकीची असल्याचे दिले होते, आणि त्यावर माझ्यापाशी बोलायला काही उरले नव्हते. त्या प्रश्नातला वजनदार शब्द 'भविष्यात' हा आहे. दरवर्षी ८५,००० जागांसाठी सोडत निघते आणि तिच्यात नाव घालायला कंपनीच लागते, म्हणून आपले प्रामाणिक उत्तर 'हो' हेच आहे. अर्ज थोडे करा, पण पूर्वी एच-१बी अर्ज केलेल्या कंपन्या निवडून करा. कामगार खात्याच्या संकेतस्थळावर एलसीएच्या, म्हणजे एच-१बीसाठी कंपन्या त्या खात्याकडे आधी करतात त्या अर्जांच्या, याद्या सर्वांना खुल्या असतात.

दप्तरदार

वारकरीबुवांशी सहमत. दोन बारीक गोष्टी जोडते. नोकरी मिळाल्यावर काम करण्याची परवानगी तपासणारा आय-९ नावाचा अर्ज भरावा लागेल; त्यासाठी कोणती कागदपत्रे दाखवायची हे मान्य यादीतून आपण निवडायचे असते, 'ग्रीन कार्डच दाखवा' असा आग्रह कंपनीला धरता येत नाही. दुसरे म्हणजे, जानेवारी २०२५ मध्ये १९६५ चा ११२४६ क्रमांकाचा अध्यक्षीय आदेश रद्द झाल्यामुळे सरकारी कंत्राटदारांवरील वंश आणि लिंगविषयक जादा जबाबदाऱ्या गेल्या आहेत, तेव्हा काही अर्जांतून हे पान नाहीसे झालेले दिसले तर गोंधळू नका. अपंगत्व आणि माजी सैनिक यांविषयीचे प्रश्न वेगळ्या कायद्यांतून आलेले असल्यामुळे ते तसेच आहेत. त्यांचीही उत्तरे ऐच्छिक असतात.

सुकेळी

काल रात्री अकरा अर्ज पुन्हा उघडले. हिस्पॅनिक: नाही. वंश: आशियाई. स्पॉन्सरशिप: हो. एलसीएच्या यादीत न सापडलेल्या चार कंपन्या गाळल्या. आज सकाळी एका ठिकाणाहून फोन आला. समोरच्या बाईंनी आडनाव वाचून 'बुएनोस दियास' म्हटले, आणि मी त्यांना वसई कुठे आहे ते सांगितले. मुलाखत गुरुवारी आहे.