अनुभव धागा: तुम्ही गिटकडे (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) कसे वळलात?

मी सुरुवात करतो. 2008 साली हिंजवडीत सबव्हर्जनवर (काम तेच, पण सगळा इतिहास एकाच सर्व्हरवर) काम करायचो, सर्व्हर परदेशात क्लायंटकडे. नेटची लाइन गेली की कमिट (बदलाची नोंद करणं) बंद, जुन्या नोंदींचा लॉगही दिसेना. अख्खी टीम खाली टपरीवर. लिनक्सच्या कोडसाठी वापरात असलेल्या बिटकीपरचा फुकट परवाना गेला म्हणून लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्येच गिट लिहिलं होतं. ते वितरित, म्हणजे अख्खा इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर. पण आमच्यापर्यंत पोचायला 2011 उजाडलं. "गिट भारी आहे" एवढंच नको, नेमकं काय घडलं ते लिहा.

डेक्कन क्वीनवाला: पुणे-मुंबई रोज. घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते. तिथे ब्रँच (कामाची वेगळी फांदी) काढायची, कमिट करायचं, नाही पटलं तर ब्रँच उडवायची. सबव्हर्जनच्या ट्रंकवर (सगळ्यांच्या मुख्य फांदीवर) अर्धवट काम कमिट केलं की ते सगळ्यांच्या माथी, म्हणून लोक आठ-आठ दिवस कमिटच करत नसत. इथे माझा कचरा माझ्यापाशी. दादर आलं की साफसूफ करून पुश, म्हणजे सर्व्हरवर रवाना. ब्रँच म्हणजे 40 अक्षरी हॅश (कमिटची ओळखखूण) लिहिलेली एवढीशी फाइल, हे कळल्यावर तर हात सैलच सुटला.

जुना अॅडमिन, कोथरूड: आमच्या सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप कित्येक महिने रिकामाच होत होता, हे त्या दिवशी कळलं! एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरच्या गिटच्या क्लोनमध्ये, म्हणजे प्रतीत, सात वर्षांचा इतिहास होता. त्यावरून संध्याकाळपर्यंत रेपो (कोड आणि इतिहासाचं भांडार) उभा केला. पण फुशारकी नको. नोकरी सोडून गेलेल्या एकाची ब्रँच कुणी फेचच केली नव्हती (सर्व्हरवरून आपल्याकडे आणली नव्हती), ती गेली. सर्व्हरवरचे हूकही (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) गेले. क्लोनबरोबर हूक येत नाहीत, हे बरेच जण विसरतात.

भोसरीकर: आमच्याकडे मशीनची कॅड ड्रॉइंग्ज. एकाच पार्टवर दोघांनी हात मारला तर मर्ज (दोघांचे बदल एकत्र) कोण करणार, कप्पाळ? एका वेळी एकालाच फाइल बदलू देणारं सबव्हर्जनचं लॉक लागतंच. आणि जाडजूड फाइलींच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या प्रत्येकाच्या मशीनवर कशाला? आम्ही सुखी आहोत, आग्रह करू नये.

नवखी: रिसेट हार्ड (ब्रँच मागच्या कमिटवर नेणारी आज्ञा) मारलं, तीन कमिट गायब. रडायचीच बाकी होते. शेजारच्या दादाने रिफ्लॉग (ब्रँच कुठून कुठे हलली याची गिटकडची नोंद) दाखवला, तिन्ही जिवंत.

शंकासुर: वितरित वितरित म्हणता, पण ऑफिसचा सर्व्हर पडला की अजूनही सगळे टपरीवरच ना?

धागाकर्ता: जातात की. पण आता लॅपटॉप घेऊन.