‘कॅच-२२’मधली पुनरुक्ती: कंटाळा की कारागिरी?
(वाचकांची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप
जोसेफ हेलरची ‘कॅच-२२’ (१९६१) ही कादंबरी एक तृतीयांश कापली तर सुधारेल, असं माझं ठाम मत आहे. दुसरं महायुद्ध, इटलीजवळचं पियानोसा बेट, अमेरिकन बॉम्बर विमानांची तुकडी. घरी परतायला किती मोहिमा हव्यात तो आकडा कर्नल कॅथकार्ट वाढवतच नेतो. कल्पना जबरदस्त, पण प्रकरणं तब्बल ४२ आणि संवादांचा साचा एकच: एकाने काही म्हणायचं, दुसऱ्याने तेच उलटं फिरवून विचारायचं, पहिल्याने नाकारायचं, की पुन्हा पहिल्यापासून. आठव्या प्रकरणात क्लेव्हिंजर या कॅडेटच्या खटल्यात हा साचा अफलातून चालतो. पुढे तोच परत परत आला की हसू आटतं. १९६१ सालीच ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड स्टर्नने कारागिरी कमी पडल्याचं लिहिलं होतं. मला ते पटतं.

पानखूण
अजिबात सहमत नाही. कापणार म्हणता, तर स्नोडेनचं काय करणार? फ्रान्समधल्या अविन्याँवरच्या मोहिमेत विमानातला हा पोरगेला गनर मरतो. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी तो विमानाच्या मागच्या भागात मरतोय एवढंच कळतं. बाविसाव्यात थोडं अधिक. चोविसाव्यात त्याचा दफनविधी, आणि कादंबरीचा नायक योसारियन नागडा झाडावर बसलेला. सगळं उघड होतं ते एकेचाळिसाव्यात. योसारियन मांडीवरची जखम शोधतो, पँट कापतो, सल्फा पावडर टाकून नीट पट्टी बांधतो. आपल्याला जमलं असं त्याला वाटतं. स्नोडेन मात्र ‘थंडी वाजतेय’ एवढंच म्हणत राहतो. मग तो हनुवटीने काखेकडे खूण करतो. खरी जखम छर्रेरोधक जॅकेटच्या आत असते. वाचकही तोवर चुकीच्याच जखमेवर पट्टी बांधत आलेला असतो. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा अर्धवट सांगितल्याशिवाय हे साधत नाही.

आणि त्या प्रथमोपचार पेटीत मॉर्फिनच्या १२ मात्रा असायला हव्यात, त्या नसतात. त्या जागी धंदेवाईक मेस अधिकारी मायलोची चिठ्ठी असते: कंपनीच्या भल्यात देशाचं भलं. हाच मायलो सिसिलीत १ सेंटला मिळणारं अंडं माल्टात ७ ला घेऊन मेसला ५ ला विकतो आणि तरी नफा काढतो, म्हणून आपण हसलेलो असतो. लाइफ जॅकेटमधली वायूची नळकांडी तो आइस्क्रीम सोड्यासाठी काढतो तेव्हाही हसलेलो असतो. त्या हसण्याची किंमत इथे कळते. यातलं काय कापायचं?

निळी शाई
मूळ वादाआधी एक दुरुस्ती. मराठी वर्तमानपत्रं ‘कॅच-२२’ हा शब्द ‘इकडे आड, तिकडे विहीर’ या अर्थाने वापरतात. ते चूक आहे. आड आणि विहीर हे दोन वाईट पर्याय झाले. इथे पर्यायच नाही. वेड्याला उड्डाणातून सूट आहे, पण ती मागावी लागते, आणि मागितली की तो शहाणा ठरतो. आपल्याकडे जवळचं काही असेल तर ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’.

पानखूण
म्हण सुंदर लागू पडते, पण अर्धीच. एकोणचाळिसाव्या प्रकरणात रोममधल्या वेश्यांच्या घरातून पोलीस मुलींना हाकलून देतात. कुठल्या कायद्याने, असं योसारियन विचारतो. तिथली म्हातारी सांगते, कॅच-२२ ने: आपण ज्यांना अडवू शकत नाही, त्यांना काहीही करायचा हक्क आहे. कायदा दाखवला का? नाही, दाखवायची गरज नाही असंही त्याच कायद्यात आहे. म्हणजे तर्काचं कोडं हा वरचा मुलामा, आत निव्वळ सत्ता. म्हणीत हा दंडुका नाही.

अर्धविराम
मला उपहासाचा रोख १९४४ च्या युद्धावर वाटतच नाही. अकराव्या प्रकरणात कॅप्टन ब्लॅक निष्ठेच्या शपथा घ्यायला लावतो. नकाशे, पॅराशूट घ्यायला सही, जेवणात मीठ-मिरी हवी तर राष्ट्रगीत. हे थेट पन्नाशीच्या दशकातलं अमेरिकन वातावरण आहे. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी सरकारी नोकरांची निष्ठा तपासायचा आदेश काढला होता. हे माहीत नसेल तर प्रकरण निव्वळ पोरखेळ वाटतं. पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी आणखी एक करावं: मोहिमांचा आकडा मार्जिनमध्ये लिहीत जावं. दुसऱ्या प्रकरणात तो ५० होतो, शेवटाकडे ८०. तारखा शोधायला गेलात तर हरवाल. या पुस्तकाचं कॅलेंडर तो आकडाच आहे.

तळटीप
स्नोडेनबद्दल माघार घेतो. पानखूण म्हणतात ते खरं आहे. पण बायकांचं काय? योसारियनचा सहकारी नेटली, त्याची रोममधली मैत्रीण ‘नेटलीची वेश्या’च राहते, शेवटपर्यंत तिला नाव नाही. मिकेला या मोलकरणीवर तुकडीतलाच आर्फी बलात्कार करून तिला खिडकीतून फेकतो. पोलीस येतात आणि पकडतात योसारियनला, पास नाही म्हणून. त्या प्रकरणात संवादांचा साचा जवळजवळ थांबतो आणि लेखन कितीतरी पटींनी उंच जातं. म्हणजे हेलरला साच्याशिवाय लिहिता येत होतं. मग मधल्या दोनशे पानांत ते का नाही? नेटलीच्या मैत्रिणीचे योसारियनवरचे चाकूहल्ले तर सरळ काढावेत.

निळी शाई
नावाचा आक्षेप शंभर टक्के मान्य. चाकू मात्र राहू द्या. शेवटच्या ओळींत योसारियन दाराबाहेर पडतो, ती तिथेच लपलेली असते, वार थोडक्यात हुकतो आणि तो पळत सुटतो. आधी ती कुठेही, कुठल्याही वेषात उगवलेली नसेल तर त्या उडीत जीव राहत नाही.

तळटीप
मग शेवटचा ठेवा आणि आधीचे दोन ठेवा. बाकीचे काढा.