विधीतील कला दालनात आली की विधीचे काय होते?

प्रश्न: १९८९ साली पॅरिसमध्ये फ्रेंच प्रदर्शन-संयोजक ज्याँ-उबेर मार्तँ यांनी भरवलेल्या प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातील युएन्डुमू या वस्तीतील वार्लपिरी या आदिवासी समाजाच्या कलावंतांनी जमिनीवर विधिचित्र घडवले होते आणि त्यामागच्या भिंतीवर ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी चिखलाचे प्रचंड वर्तुळ रेखले होते. अशा मांडणीत विधी कितपत उरतो?

उत्तर १: त्याच प्रदर्शनात आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशेही होते. वारली लग्नचौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढायचे चित्र, सुवासिनी लिहितात, धवलेरी (लग्न लावणारी पुरोहित स्त्री) गाते, तेव्हाच पालघाट ही सुफलतेची देवी तिथे येते, अशी श्रद्धा आहे. त्यातले पॅरिसला गेले ते केवळ चित्र, आणि मला ही मोठी हानी वाटते.

उत्तर २: मशे यांनी कथा आणि रोजचे जीवनही रंगवले, त्यामुळे त्यांचे काम चौकाची नक्कल मानणे अन्यायाचे ठरेल. वार्लपिरींची कृती मात्र मला विधीच्या अधिक जवळची वाटते, जरी मागच्या वर्तुळाने ती झाकोळली असली.